मोरेन्झला आजच्या बर्फावर कशाला उभं करायचं?

परवा आमच्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत माझी पाळी आली, मी हॉवी मोरेन्झ (१९३० च्या आसपासचा माँट्रियलचा आइस हॉकी स्टार) घेतला आणि तिथून पुढे दोन दिवस ड्राफ्ट राहिला बाजूला, नुसतं भांडण चालू. मुद्दा एकच, तोच परत परत: "अरे तो आज असता तर कुठल्या टीमच्या बेंचवरसुद्धा बसला नसता." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, खेळाडूचं नाव तेवढं बदलतं, कधी एडी शोर, कधी जॉर्ज हेन्सवर्थ, कधी थेट गॉर्डी हाउ, आणि प्रत्येक वेळी हे वाक्य आलं की चांगली चाललेली चर्चा तिथेच मरते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉकी म्हणजे इथे आइस हॉकी. दहा-बारा जण मॅनेजर होतात, आळीपाळीने हॉकीच्या पूर्ण इतिहासातून एकेक खेळाडू उचलतात, एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी तो दुसऱ्या फेरीत पहिला. चार लाइन (एक लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड), डिफेन्सच्या तीन जोड्या, दोन गोलकीपर, एक कोच अशी टीम बांधायची, मग दोन-दोन टीम समोरासमोर लावायच्या आणि दोघांची बाजू ऐकून बाकीच्यांनी मत द्यायचं. खरी मॅच कधीच होणार नाही, त्यामुळे सगळं काही युक्तिवादावर. मग युक्तिवादच कच्चा असेल तर उरलं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. खेळाडूचं माप त्याच्या काळातच घ्यायचं: त्याच्याच बर्फावर, त्याच नियमात, तसल्याच स्टिकने खेळणाऱ्या बाकीच्यांपेक्षा तो किती पुढे होता आणि तो गेल्यावर खेळ बदलला का. टाइम मशीनमध्ये घालून त्याला आजच्या रिंकवर आणून सोडणं हे माप नाहीच, ती पळवाट आहे.

कारण त्या टाइम मशीनचे दोनच प्रकार होऊ शकतात. पहिला म्हणजे मोरेन्झ १९३० मध्ये जसा होता तसाच आणायचा: ते स्केट्स, ती सरळ लाकडी स्टिक, तो आहार, ते ट्रेनिंग. तसा आणला तर तो हरणारच, पण मग फक्त तोच का, बॉबी ऑर पण हरेल, डग हार्वी पण हरेल (दोघेही गाजलेले जुने डिफेन्समन), आजच्या थर्ड लाइनचा पोरगासुद्धा त्यांच्यापेक्षा फिट आहे. मग ड्राफ्ट कशाला करायचा, या वर्षीच्या स्कोअरिंगची यादी काढा आणि वरून नावं वाचत जा. दुसरा प्रकार म्हणजे मोरेन्झ आज जन्मला असता, चौथ्या वर्षापासून स्केटिंग कोच, उन्हाळ्यात कॅम्प, कार्बनची स्टिक, तर कसा झाला असता. ते कोणालाच माहीत नाही, ती कादंबरी झाली. म्हणजे एका प्रकारात उत्तर आधीच ठरलेलं आणि दुसऱ्यात उत्तरच नाही. आणि टाइम मशीन नेहमी एकाच दिशेने का चालतं? आजच्या स्टार मॅकडेविडला मागे पाठवा ना कोणीतरी. १९२८-२९ च्या सीझनमध्ये सोडा, जिथे अटॅकिंग झोनमध्ये (समोरच्यांच्या गोलकडच्या भागात) पुढे पास द्यायची परवानगीच नव्हती, हेल्मेट नाही, डोक्यात स्टिक बसली तर टाके घालून परत बर्फावर. तिथे त्याचे किती पॉइंट (स्वतःचे गोल अधिक दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) होतील? हा प्रश्न विचारला की सगळे गप्प होतात, आणि जो प्रश्न उलटा विचारला की निरर्थक वाटतो तो सुलटा तरी अर्थपूर्ण कसा?

त्याच सीझनचं उदाहरण घेऊ, कारण नियम माणसाचे आकडे कसे फिरवतात हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. १९२८-२९ मध्ये माँट्रियलच्या हेन्सवर्थने ४४ मॅचमध्ये २२ शटआउट (एकही गोल न खाल्लेल्या मॅच) केले, मॅचमागे खाल्लेल्या गोलांची सरासरी ०.९२. रेकॉर्डबुकात हे पाहिलं की वाटतं हाच जगातला सर्वात ग्रेट गोलकीपर. पुढच्या वर्षी लीगने (एनएचएल, उत्तर अमेरिकेतली मुख्य लीग) फॉरवर्ड पास सगळ्या झोनमध्ये खुला केला, गोल जवळपास दुप्पट झाले आणि त्याच हेन्सवर्थचे शटआउट एकदम खाली आले. माणूस तोच, हात तेच, एका उन्हाळ्यात तो बिघडला का? अजिबात नाही, त्याच सीझनच्या शेवटी त्याच्या टीमने स्टॅनली कप, म्हणजे तिथलं सर्वात मोठं विजेतेपद, जिंकला. म्हणजे ते २२ शटआउट डोळे झाकून घेणारा चुकतो आणि "तो काळच फालतू होता" म्हणून हेन्सवर्थला कचऱ्यात टाकणाराही चुकतो. शेजारच्या गोलकीपरांशी त्याची तुलना करायची, बस.

ऐंशीच्या दशकातला विक्रमवीर वेन ग्रेट्झकी याच्याबद्दल हेच, फक्त उलट बाजूने. "ऐंशीच्या दशकात गोल स्वस्त होते" हे आमच्यातलं सर्वात लाडकं वाक्य, आणि ते खरं आहे, हे मी आधीच मान्य करतो. १९८१-८२ मध्ये एका मॅचला दोन्ही टीम मिळून सरासरी आठच्या आसपास गोल व्हायचे, २००३-०४ मध्ये तेच पाचच्या आसपास. गोलकीपरांचे पॅड लहान, त्यांची टेक्निक जुनी, सगळं कबूल. पण गोल स्वस्त होते तर ते सगळ्यांनाच स्वस्त होते ना? १९८१-८२ मध्ये ग्रेट्झकीचे २१२ पॉइंट, दुसऱ्या नंबरवर माइक बॉसी, त्याचे १४७. बॉसी काही साधासुधा नव्हे, न्यूयॉर्क आयलंडर्सच्या सलग चार कपांमधला मुख्य गोल करणारा, आणि तो ६५ पॉइंटने मागे. १९८६-८७ मध्ये ग्रेट्झकी १८३, दुसरा यारी कुर्री १०८, तोही ग्रेट्झकीच्याच लाइनवरचा. क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळेल: ब्रॅडमनची सरासरी ९९.९४ आणि त्याच्या काळातले बाकीचे दिग्गज साठच्या आसपास अडकलेले. पिचेस सोपी होती, बोलिंग आजच्याइतकी वेगवान नव्हती, काय म्हणायचं ते म्हणा, पण त्याच पिचवर बाकीच्यांना ९९ का जमले नाहीत?

बॉबी ऑरचं तर मला कधी कधी वाईट वाटतं, कारण त्याच्याविरुद्ध दोन्ही बाजूंनी बोललं जातं. काळ सोपा (१९६७ मध्ये लीग ६ टीमवरून १२ वर गेली, नव्या टीम कमजोर होत्या) आणि करिअर छोटं (गुडघा गेला, जेमतेम ६५७ मॅच). दोन्ही मुद्दे खरे. पण ऑर यायच्या आधी डिफेन्समनचा एका सीझनचा विक्रम होता पिएर पिलोटचा, ५९ पॉइंट. ऑरने १९६८-६९ मध्ये ६४ केले आणि पुढच्याच वर्षी १२०. डिफेन्समन असून पूर्ण लीगमध्ये स्कोअरिंगला पहिला, आणि हे त्याने १९७४-७५ मध्ये परत केलं, तेव्हा १३५. सलग आठ नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम डिफेन्समनचं बक्षीस). नव्या कमजोर टीम बाकीच्या डिफेन्समनना पण खेळायला मिळतच होत्या, त्यांनी का नाही डबल केलं? त्याचं जुनं फुटेज बघा एकदा, स्वतःच्या गोलमागून पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन तो निघतो आणि समोरच्या टीमला क्षणभर कळतच नाही की याला अडवायचं कोणी, कारण डिफेन्समनने इतकं पुढे यायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात नाहीये. आज प्रत्येक टीमचा पहिला डिफेन्समन पक घेऊन वर जातो, तो ऑरने पाडलेल्या वाटेनेच जातो. आणि आपण म्हणायचं आजच्या पोरांना हे सगळं येतं म्हणून ऑर जुना?

आता समोरच्यांचा सर्वात दमदार मुद्दा, ज्यावर माझीही झोप उडालेली आहे. खेळणारे किती होते? १९४२ ते १९६७ लीगमध्ये फक्त सहा टीम, म्हणजे शंभर-सव्वाशे जागा, आणि जवळजवळ सगळे कॅनडाचे. स्वीडन, फिनलंड, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत युनियन इथलं जवळपास कोणीच नाही. काळ्या खेळाडूंना तर दारच बंद, विली ओ'री पहिल्यांदा एनएचएलमध्ये खेळला तो १८ जानेवारी १९५८ ला. तेव्हा पहिला येणं आणि आज डझनभर देशांतल्या सातशेहून जास्त खेळाडूंत पहिला येणं एकच कसं? बरोबर आहे, एक नाहीये. म्हणून मी स्वतः जुन्या काळातल्या दहाव्या-पंधराव्या नंबरच्या माणसाला आजच्या दहाव्याच्या बरोबरीने कधीच घेत नाही. युद्धाच्या वर्षांनाही सूट देतो: मॉरिस रिशार्डने १९४४-४५ मध्ये ५० मॅचमध्ये ५० गोल मारले तेव्हा लीगमधले कितीतरी चांगले खेळाडू सैन्यात होते, ते ५० गोल जसेच्या तसे धरू नयेत. पण सगळे परत आल्यावर काय झालं? रिशार्ड त्यानंतर आणखी चार वेळा गोलांमध्ये लीगमध्ये पहिला किंवा बरोबरीने पहिला आला, शेवटचा १९५४-५५ मध्ये. युद्धाचं वर्ष पुसून टाकलं तरी माणूस उभा आहे.

उलटं उदाहरण पण सांगतो, म्हणजे मी जुन्यांचा आंधळा भक्त आहे असं वाटायला नको. १९०५ मध्ये ओटावाच्या फ्रँक मॅकगीने स्टॅनली कपच्या एका मॅचमध्ये १४ गोल मारले, स्कोअर २३-२. आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण समोर कोण होतं? डॉसन सिटीची टीम, युकॉनमधून डिसेंबरमध्ये निघालेली, पायी, कुत्र्यांच्या गाडीने, बोटीने, मग ट्रेनने असं जवळपास महिनाभर प्रवास करून आलेली, धड विश्रांती नाही. आणि त्याआधीच्या मॅचमध्ये याच टीमविरुद्ध मॅकगीचा फक्त एक गोल होता. त्यामुळे १४ गोलांच्या जोरावर मॅकगी कोणी वर घेतला तर मी विरोधच करेन. काळात ठेवून बघणं म्हणजे माफ करणं नव्हे, कधी कधी त्यातून माणूस खालीही येतो.

पण खेळणारे थोडे होते यावरून "वरचे पण सुमार होते" असं जे लोक काढतात ते चुकतं, आणि त्याचा पुरावा मला ड्राफ्ट खेळता खेळताच सापडला. पिढ्या अशा वेगळ्या डब्यात बंद नसतात हो, त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मोरेन्झपासून सुरू करा. १९३० च्या फायनलमध्ये मोरेन्झच्या माँट्रियलने बॉस्टनला हरवलं, त्या सीझनला ३८ जिंकून फक्त ५ हरलेल्या बॉस्टनला. त्या बॉस्टनमध्ये डिट क्लॅपर होता, त्या वर्षी ४४ मॅचमध्ये ४१ गोल मारलेला. हाच क्लॅपर पुढे डिफेन्सवर गेला, १९३९ ते १९४१ तीन वर्षं ऑल-स्टार (वर्षाच्या सर्वोत्तम संघात) झाला आणि १९४६-४७ पर्यंत टिकला. त्याच सीझनमध्ये डेट्रॉइटकडून अठरा वर्षांचा एक पोरगा आला, गॉर्डी हाउ. हाउ सलग वीस सीझन स्कोअरिंगच्या पहिल्या पाचात, आणि १९७९-८० मध्ये ५१ वर्षांचा असताना हार्टफर्डकडून सगळ्या ८० मॅच खेळला, १५ गोल मारले. तो सीझन म्हणजे ग्रेट्झकीचा एनएचएलमधला पहिला. ग्रेट्झकीची शेवटची मॅच १८ एप्रिल १९९९, ओव्हरटाइममध्ये ज्याने गोल मारून ती संपवली तो यारोमीर यागर. आणि तोच यागर २०१५-१६ मध्ये ४४ वर्षांचा होईस्तोवर फ्लोरिडाचा टॉप स्कोअरर, ६६ पॉइंट, ज्या वर्षी मॅकडेविड लीगमध्ये आला. मोरेन्झ आणि मॅकडेविड यांच्यामध्ये फक्त चार माणसं आहेत! मध्ये कुठे तो कडा आहे जिथून जुने सगळे खाली पडतात? आजोबा झालेला हाउ जर नव्या पिढीत १५ गोल मारतो तर तिशीतला हाउ काय असेल? यावरून सरासरी दर्जा वाढला नाही असं मी म्हणत नाही, तो भरपूर वाढलाय. वरची माणसं मात्र कुठल्याही पिढीत टाका, वरच राहतात एवढंच दिसतं. ऐंशीच्या दशकातलाच दुसरा मोठा स्टार मारियो लेम्यू, त्याचं तर थेट प्रयोगच झाल्यासारखं झालं: १९९७ ला रिटायर, साडेतीन वर्षं घरी, डिसेंबर २००० मध्ये ३५ व्या वर्षी परत, आणि तेही गोल आटलेल्या त्या काळात, तरी ४३ मॅचमध्ये ७६ पॉइंट. "ऐंशीच्या दशकाचे फुगलेले आकडे" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्या ध्यानचंद यांच्याबद्दल पण लोक हेच बोलतात की गवतावरची हॉकी वेगळी, टर्फवर त्यांचा निभाव लागला नसता. ऑलिंपिकची हॉकी टर्फवर गेली १९७६ ला, आणि ध्यानचंद यांच्या टीमने बर्लिनमध्ये जर्मनीला ८-१ हरवलं १९३६ ला. चाळीस वर्षांनी येणाऱ्या मैदानाची प्रॅक्टिस त्यांनी करायला हवी होती का? बॅनिस्टर १९५४ मध्ये सिंडरच्या (कोळशाच्या राखेच्या) ट्रॅकवर एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदात धावला, त्यानंतर शाळेतली पोरंही चार मिनिटांच्या आत धावली आहेत, म्हणून कोणी ऑल-टाइम यादीतून बॅनिस्टरला काढून शाळेतलं पोरगं घालतं का?

दुसऱ्या टोकाला आकडेवाले आहेत, जे प्रत्येक सीझनचे गोल एका सूत्रात घालून "ॲडजस्ट" करतात. ते सूत्र मी पण वापरतो, पहिल्या नजरेला चांगलं आहे, काळाचा फुगवटा काढतं. पण त्यावरच थांबलं की घोळ होतो. १९१७-१८ मध्ये जो मलोनने २० मॅचमध्ये ४४ गोल मारले, तेव्हा मुख्य खेळाडू जवळजवळ पूर्ण ६० मिनिटं बर्फावर असायचे, आज स्टार फॉरवर्ड वीस-बावीस मिनिटं. एकाच सूत्राने हे दोन खेळ एका तराजूत कसे बसतील? ट्रॉफ्या मोजणाऱ्यांचं पण तसंच. हार्वीच्या सात नॉरिस आणि शोरची एकही नाही म्हणून हार्वी मोठा, असं परवा एकाने अगदी ठामपणे सांगितलं. अरे, नॉरिस सुरूच झाली १९५३-५४ ला! शोर चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी जिंकला, डिफेन्समन असून. हार्वीला वर ठेवायचं तर ठेवा, मी पण काही वेळा ठेवतो, पण त्याची पास देण्याची नजर सांगा, तो खेळाचा वेग कसा पाहिजे तसा कमी-जास्त करायचा ते सांगा.

आकड्यांत न मावणारा माणूस म्हणजे माँट्रियलचा गोलकीपर झाक प्लांट. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क, अँडी बाथगेटचा शॉट थेट तोंडावर, रक्तबंबाळ. तेव्हा टीमकडे दुसरा गोलकीपर तयार नसायचा. प्लांट आत गेला, टाके घातले आणि म्हणाला मास्क घालू देणार असाल तर खेळतो, नाहीतर नाही. कोच टो ब्लेकला मास्क अजिबात पसंत नव्हता, पण इलाज नव्हता. प्लांट प्रॅक्टिसमधला तो मास्क चढवून बाहेर आला आणि माँट्रियलने ती मॅच ३-१ जिंकली. त्या वेळी गोलकीपरने मास्क घालणं म्हणजे भित्रेपणा समजायचे. आज आपण ज्याला टेक्निक म्हणतो, खाली बसून पूर्ण तोंड पकसमोर आणणं, ते मास्क नसता तर कोणी केलं असतं? प्लांटला आजच्या गोलकीपरशी तोलणारे त्याच्याकडूनच घेतलेलं वजन त्याच्याविरुद्धच्या पारड्यात टाकतात.

आणि जे लीगमध्ये आलेच नाहीत त्यांचं काय करायचं? सोव्हिएत स्टार खारलामोव एनएचएलची एकही मॅच खेळला नाही. पण सप्टेंबर १९७२ मधल्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत कॅनडाला वाटत होतं आठच्या आठ मॅच आपल्याच, आणि पहिल्याच मॅचला माँट्रियलमध्ये सोव्हिएत टीम ७-३ ने जिंकली, खारलामोवने दोन गोल मारले. सहाव्या मॅचमध्ये बॉबी क्लार्कने स्टिकने त्याच्या घोट्यावर घाव घातला, तो जायबंदी झाला, आणि कॅनडाने शेवटची मॅच ३४ सेकंद शिल्लक असताना काढली. ज्याला थांबवायला घोटा फोडावा लागतो तो किती मोठा, हे माप मला पुरतं. सोव्हिएत युनियनचाच माकारोव ३१ व्या वर्षी एनएचएलमध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा ठरला, त्यानंतर लीगला त्या बक्षिसासाठी वयाची अटच घालावी लागली. हर्ब कार्नेगीला तर रंगामुळे कधीच संधी मिळाली नाही, हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २०२२ मध्ये, तो गेल्यानंतर. त्याला किती वर घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण "एनएचएलचे आकडे शून्य" म्हणून चर्चाच न करणं हे त्या बंद दाराला दुसऱ्यांदा कडी लावणं आहे.

टाइम मशीनने अजून एक नुकसान होतं: टीम म्हणून कोणी बोलतच नाही. चार सेंटर असे घेतले की चौघांनाही पक हवा, मग पेनल्टी किलवर (आपला खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना बचावाला) कोण जाणार? बॉब गेनी बघा, गोलांच्या यादीत कुठे वर सापडणार नाही, पण बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठी सेल्की ट्रॉफी सुरू झाली आणि पहिल्या चारही वर्षी त्यालाच मिळाली. माझ्या टीममध्ये तो पाहिजेच. अशी माणसं कशी जुळतात यावर भांडण झालं तर काहीतरी शिकायला मिळतं, नाहीतर कोण किती वेगाने स्केट करायचा एवढ्यावर रात्र जाते.

बरं, माझ्या मोरेन्झविरुद्ध बोलायचंच असेल तर खरा मुद्दा मीच देतो, परवा कोणालाच सुचला नाही. १९३०-३१ मध्ये तो लीगमध्ये स्कोअरिंगला पहिला होता, ३९ मॅचमध्ये २८ गोल, हार्ट ट्रॉफी पण त्यालाच. आणि त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये १० मॅच खेळून गोल किती? एक. तो कप जिंकवणाऱ्या शेवटच्या मॅचमध्ये आला हे खरं, पण एकच. त्याच्या काळात, त्याच्याच बर्फावर, त्याच माणसांविरुद्ध. यावर मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही आणि मतदान रविवारी आहे.